आनंद रडला, येशू रडला

कुशीनगराजवळ मल्लांच्या शालवनात तथागतांचा, म्हणजे बुद्धांचा, शेवट जवळ आला होता. दोन शालवृक्षांच्या मधोमध, उत्तरेकडे डोकं करून ते उजव्या कुशीवर पहुडले होते. वय 80. त्यांचा शिष्य आनंद कुठं दिसेना म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा भिक्षूंनी सांगितलं की तो आत विहारात दाराच्या चौकटीला धरून रडतो आहे. इतकी वर्षं सावलीसारखा बरोबर राहिलेला आनंद. ‘मी अजून शिकतोच आहे, माझं काम अजून उरलंय, आणि माझ्यावर अनुकंपा करणारे माझे गुरू आता निघाले,’ असं तो म्हणत होता. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. पुरे आनंद, शोक करू नकोस, विलाप करू नकोस; जे जे प्रिय त्याच्यापासून ताटातूट होणार हे मी आधीच सांगितलं नव्हतं का? जे जन्माला आलं, घडलं, ते मोडू नये असं कसं होईल? एवढं सांगून झाल्यावर त्यांनी त्याच्या सेवेची आठवण काढली, तू पुष्कळ पुण्य केलंस, आता नेटानं प्रयत्न कर, लवकरच मुक्त होशील, असा धीर दिला आणि सगळ्या भिक्षूंसमोर त्याचे गुण वाखाणले. मरणाच्या दारातला माणूस मागे राहणाऱ्याचं सांत्वन करतो आहे. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकिगत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तातला हा भाग मी कितीदा तरी वाचला आहे आणि दर वेळी आनंदाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आहे.

बुद्धांचं परिनिर्वाण झाल्यावर तिथं जे घडलं, ते सुत्तकारांनी काळजीपूर्वक दोन भागांत सांगितलं आहे. ज्यांची आसक्ती अजून गेलेली नव्हती ते भिक्षू हात वर करून रडले, जमिनीवर कोसळून इकडेतिकडे लोळले. जे वीतराग होते त्यांनी ‘संस्कार अनित्य आहेत, दुसरं काय होणार’ असं स्मरत, सावध मनानं ते सोसलं. म्हणजे अश्रू हे वाट अजून बाकी असल्याची खूण आहेत. रडणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. पण पोहोचलेला माणूस रडत नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवरचं बेथानी गाव. येशूचा मित्र लाजरस मरून चार दिवस झालेत. येशूला आजाराचा निरोप आधीच मिळाला होता, तरी तो दोन दिवस होता तिथंच थांबला. आता लाजरसची बहीण मार्था पुढं येऊन म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला सांगतो, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे.’ थोड्या वेळानं तो लाजरसला कबरेतून बाहेर बोलावणार आहे आणि हे त्याला ठाऊक आहे. निघतानाच त्यानं शिष्यांना तसं सांगितलेलं आहे. मग दुसरी बहीण मरीया येते, पायांशी पडते, रडते. तिच्याबरोबर आलेले लोक रडतात. आणि तिथं बायबलमधलं सगळ्यात लहान वचनांपैकी एक येतं: ‘येशू रडला.’

इथं रडणारा शिकाऊ नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेनुसार ज्याच्यापाशी मरणावरचा शेवटचा शब्द आहे, तोच रडतो. त्याला अनित्यतेचं भान नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि पुढं काय होणार याची चिंता होती असंही नाही. सगळं माहीत असून तो रडला.

ख्रिस्ती आणि बौद्ध धर्माची तुलना करायला बसलं की आपण बहुतेक वेळा ईश्वर आहे की नाही, आत्मा आहे की नाही, इथूनच सुरुवात करतो. ते प्रश्न खोटे नाहीत. पण त्या वाटेनं गेलं की दोन बाजू आपापल्या व्याख्या घेऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत कुणी जागचं हलत नाही. माझ्यापुरता खरा फरक या दोन रडण्यांमध्ये आहे. परिपूर्ण माणूस शोकाच्या पलीकडे जातो की शोकाच्या आत उतरतो? माझं उत्तर काय, हे मी ख्रिस्ती असल्यामुळं उघडच आहे. पण ते उत्तर देण्याआधी दुसऱ्या बाजूचं सगळं बळ नीट पाहायला हवं, कारण आमच्याकडे बुद्धांविषयी जे सहज बोललं जातं त्यातलं बरंच अन्यायाचं असतं.

उदाहरणार्थ, बुद्ध थंड होते, जगापासून तुटलेले होते, असा एक समज. भिक्षूंच्या आचारनियमांच्या विनयपिटक या ग्रंथात एक प्रसंग आहे. एका भिक्षूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्षू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही कामाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदानं पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर निजवलं. नंतर संघाला गोळा करून ते म्हणाले, भिक्षूंनो, तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा काय म्हणतो ते ज्यांना पाठ आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. माझ्या ह्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला जे केलं ते मला केलं, असं तिथं येशू म्हणतो. दोन वाक्यांचा अर्थ तंतोतंत एक नाही. येशू त्या भुकेल्याशी, कैद्याशी स्वतःची ओळखच जोडतो. पण आजाऱ्याच्या अंथरुणाशी पोहोचल्यावर या दोघांच्या शिष्यांना एकमेकांशी भांडायला जागा उरत नाही.

सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य गेल्यानंतर गंगेच्या काठी उक्काचेला इथं भिक्षुसंघासमोर बसलेले बुद्ध म्हणाले की ही परिषद मला सुनी सुनी वाटते. लगेच पुढं असंही येतं की अशी जोडी गेली तरी तथागताला शोक नाही, विलाप नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. मला या दोन्ही गोष्टी एकत्र महत्त्वाच्या वाटतात. जागा रिकामी झाल्याचं त्यांना जाणवत होतं. कोण नाही ते त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं. मन मात्र त्या पोकळीत कोसळत नव्हतं. याला दगडासारखं मन म्हणणं हा अडाणीपणा आहे.

आणि चुंद. पावा गावचा हा लोहार. त्याच्या घरचं जेवण बुद्धांचं शेवटचं ठरलं, त्यानंतर त्यांचं दुखणं बळावलं. मरणापूर्वी बुद्धांनी आनंदाला मुद्दाम सांगून ठेवलं की चुंदाला कुणी दोष देईल, तो स्वतःला दोष देईल, तर त्याला म्हणावं की बोधीच्या आधीचं भोजन आणि परिनिर्वाणाच्या आधीचं भोजन, ही दोन दानं सारख्याच मोठ्या फळाची आहेत. एका साध्या कारागिराच्या मनात उरलेलं आयुष्यभर काटा सलू नये, याची इतकी काळजी. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हे क्रूसावरच्या येशूचे शब्द मला प्राणापलीकडे प्रिय आहेत, आणि त्यांच्यावर प्रेम करत असतानाच चुंदाला पाठवलेल्या या निरोपापुढं माझं मस्तक आपोआप लवतं.

तर मग अश्रूंचं काय? बुद्धांनी अश्रूंकडे जितकं रोखून पाहिलं तितकं फार थोड्यांनी पाहिलं असेल. संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात ते भिक्षूंना विचारतात: या दीर्घ संसारात नकोशाशी गाठ आणि हव्याशा माणसाचा वियोग सोसत तुम्ही जे अश्रू ढाळलेत ते जास्त, की चार महासमुद्रांतलं पाणी जास्त? अश्रूच जास्त, असं उत्तर आहे. आईच्या मरणानं, बापाच्या, भावाच्या, बहिणीच्या, मुलाच्या, मुलीच्या मरणानं ढाळलेले. दुःखाला इतकं मोठं माप लावणारा माणूस निराशावादी असतो, असं आमचे काही उपदेशक म्हणतात. मला तर तो दुःखाची टर न उडवणारा, त्याला स्वस्तात न उडवून लावणारा माणूस दिसतो.

माझी आई गेली तेव्हा प्रार्थनेला जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी मला सांगितलं की आता रडायचं नाही, ती प्रभूकडे गेली. रडणं म्हणजे पुनरुत्थानावर विश्वास नसणं. पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं वचन त्यासाठी पुढं केलं गेलं. खरं तर पौल तिथं एवढंच म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं त्यानं म्हटलेलं नाही. रडणाऱ्यांबरोबर रडा, असं तर रोमकरांना त्यानंच लिहिलं. पण त्या दिवसांत माझ्या अंगात वाद घालण्याचं त्राण नव्हतं. बौद्ध असलेली माझी एक मैत्रीण रोज येऊन बसायची. तिनं मला कसलंही तत्त्वज्ञान ऐकवलं नाही. पुष्कळ दिवसांनी मीच तिला विचारलं, तुमच्याकडे अशा वेळी काय सांगतात गं? तेव्हा तिनं विशाखेची गोष्ट सांगितली.

विशाखा ही श्रावस्तीतली मोठी उपासिका. नात वारली म्हणून ती भरदुपारी ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी बुद्धांकडे आली. त्यांनी विचारलं, श्रावस्तीत जितकी माणसं आहेत तितकी मुलं-नातवंडं तुला आवडतील का? ती म्हणाली, आवडतील. मग श्रावस्तीत रोज किती माणसं मरतात? दहा, नऊ, कधी एक. पण कुणी मेलं नाही असा दिवस जात नाही. मग विशाखे, तुझे केस आणि तुझी वस्त्रं कधी कोरडी राहतील का? ज्याला शंभर प्रिय त्याला शंभर दुःखं, ज्याला एक प्रिय त्याला एक दुःख, ज्याला प्रिय काही नाही त्याला दुःख नाही. धम्मपदातही तेच आहे: ‘पियतो जायते सोको, पियतो जायते भयं.’ प्रियापासून शोक उपजतो, प्रियापासून भय उपजतं.

हे ऐकून मला राग आला नाही. मला ते खरं वाटलं. नुसतं खरं नाही, मोकळं करणारं वाटलं, कारण त्यात माझ्या दुःखाला श्रद्धेची उणीव ठरवलेलं नव्हतं. तुझं प्रेम होतं म्हणून तुला दुखतं, यात गूढ असं काही नाही, असं ते सांगत होतं. आणि हेही मनात आलं की हे आमच्या घरात मी आधी ऐकलेलं आहे.

ते ऐकलं होतं चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपिता ऑगस्टीन याच्याकडून. तरुणपणी त्याचा एक जिवलग मित्र तापानं गेला. ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात लिहितो की मी जिथं पाहावं तिथं मरणच दिसे. आणि कारण सांगतो ते असं की मर्त्य माणसावर तो कधी मरणारच नाही असं समजून मी प्रेम केलं, आपला जीव वाळूवर ओतला. हे वाक्य पालीत असतं तर कुणाला परकं वाटलं नसतं. पण तोच ऑगस्टीन 387 साली ओस्तियाच्या बंदरात आई मोनिका वारली तेव्हा मोठ्या कष्टानं डोळे कोरडे ठेवतो. मुलगा अदेओदातस हंबरडा फोडतो तर त्यालाही गप्प करतात. दफन होतं, रात्र जाते, आणि मग एकटा असताना तो बांध फुटू देतो. वाचणारा कुणी याला पाप म्हणणार असेल, तर त्यानं मला हसू नये, माझ्यासाठी रडावं, असं तो लिहितो. तारुण्यातल्या शोकातून त्यानं काढलेला निष्कर्ष आणि आईच्या मरणावेळचे हे अश्रू, या दोहोंच्या मध्ये त्याला ख्रिस्त भेटला होता. मित्राच्या वेळी त्याला कळलं होतं की चुकीच्या ठिकाणी सगळा भार टाकला की माणूस मोडतो. आईच्या वेळी कळलं की भार देवावर टाकूनही रडता येतं.

बुद्धांच्या उपायाशी माझी वाट जिथं वेगळी होते ती जागा मला थेरीगाथेतल्या, म्हणजे भिक्षुणींच्या पद्यसंग्रहातल्या, उब्बिरीपाशी सगळ्यात स्पष्ट दिसते. तिची लहान मुलगी जीवा वारली. ती स्मशानात जाऊन ‘माझ्या जीवा’ म्हणून आक्रोश करत असे. बुद्ध तिला म्हणतात: उब्बिरी, सावध हो, जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली या स्मशानात जळल्या आहेत, त्यांच्यापैकी कुणासाठी रडतेस? अगणित जन्मांत तुझ्या झालेल्या मुली त्या. हा प्रश्न तिच्या काळजातला बाण उपटून काढतो. ती तसं स्वतःच सांगते, आणि मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवते. तिला शांती मिळाली.

पण ‘कुणासाठी रडतेस’ या प्रश्नाला माझ्या आतून दर वेळी एकच उत्तर येतं: या जीवेसाठी. त्या चौऱ्याऐंशी हजारांमध्ये ही एक होती, आणि ही पुन्हा होणार नाही. नाईनच्या वेशीवर येशूला एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची तिरडी भेटते. लूक लिहितो, तिला पाहून प्रभूला कळवळा आला, ‘रडू नकोस,’ असं तो म्हणाला. मरण घरोघरी असतं हे तो तिला सांगत नाही. तो तिरडीला हात लावतो, मुलाला उठवतो आणि त्याच्या आईच्या स्वाधीन करतो. त्याच आईच्या, तोच मुलगा. पुनरुत्थानानंतरच्या सकाळी बागेत मग्दालिया मरीया रडत असते, समोरच्याला माळी समजते. तो फक्त तिचं नाव घेतो आणि ती वळते. माझ्या श्रद्धेचा सगळा डोलारा या एका नावावर उभा आहे. देव माणसाला नावानं ओळखतो, ते नाव मरणात विरघळत नाही, आणि म्हणून त्या नावाच्या माणसावर जडलेलं प्रेम ही गैरसमजातून आलेली गोष्ट नाही. बौद्ध विचारात ज्याला आपण ‘मी’ आणि ‘माझी’ म्हणतो तो बदलत्या स्कंधांचा, म्हणजे शरीर-मनाच्या घटकांचा, समूह आहे. त्याला धरून ठेवणं हेच दुःखाचं मूळ. इथं मध्यममार्ग काढता येईल असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही. एकतर जीवा ही लाटेसारखी उठून गेली, किंवा ती कुणाच्या तरी हातात आहे.

दुःखाच्या कारणाविषयीही थोडं बोलायला हवं. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस पाहून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? दोघांनीही नाही, असं येशू म्हणाला. आमच्यातले काही लोक या वचनाचा वापर कर्मसिद्धान्ताविरुद्ध शस्त्रासारखा करतात, जणू बुद्धांनी प्रत्येक दुखण्याचा हिशेब पूर्वकर्माशी लावला. तसं नाही. सीवक नावाच्या परिव्राजकाला त्यांनी स्पष्ट सांगितलं की वेदना पित्तानं होतात, कफानं, वातानं, ऋतू बदलल्यानं, स्वतःची हेळसांड केल्यानं, कुणी मारल्यानंही होतात. सगळं पूर्वकर्माचंच फळ, असं म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाच्या जाणिवेच्या पलीकडे जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर याच्याही पुढं जाऊन, चार आर्यसत्यांची प्रचलित मांडणी मूळची असेल का, अशी शंका घेतली आणि धम्माचा सगळा भर माणसानं माणसाशी कसं वागावं यावर ठेवला. माणसानं माणसाला दिलेल्या दुःखावर ध्यानाला बसून भागत नाही, हे त्यांनी ज्या अधिकारानं सांगितलं तो अधिकार माझ्याकडे नाही. येशू बेथानीखेरीज आणखी एकदा रडला, तो यरुशलेम शहराकडे पाहून. एका शहरानं शांतीचा मार्ग ओळखला नाही म्हणून. ते रडणंही एका घरातलं नव्हतं.

आता माझ्या बाजूची अवघड गोष्ट. रडणारा देव, हे ऐकायला गोड वाटतं, पण ख्रिस्ती परंपरेनं ते इतक्या सहज कधीच म्हटलेलं नाही. आरंभीच्या शतकांतल्या धर्मपित्यांचा आग्रह होता की देवाला विकार नाहीत. सुखदुःखाच्या लाटांवर तो हेलकावत नाही. वाचताना वाटतं, हे तर कुशीनगरातल्या वीतराग भिक्षूंच्या किती जवळ आहे! आणि त्यात तथ्य आहे. माझ्या शोकात माझ्याबरोबरच बुडणारा देव मला वर कसा काढणार? 451 सालच्या खल्कदोनच्या परिषदेनं येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, दोन्ही स्वभाव मिसळत नाहीत आणि तुटतही नाहीत, असं ठरवलं. 553 साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेनं म्हटलं की जो देहानं क्रूसावर खिळला गेला तो त्रैक्यातलाच, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतलाच, एक आहे. या कोरड्या वाटणाऱ्या वाक्यांसाठी लोकांनी शतकभर जिवाच्या करारानं वाद घातला, आणि मला त्याचं कारण कळतं. बेथानीत रडणारा नुसता दयाळू माणूस असेल तर ते अश्रू कुशीनगरातल्या आनंदाच्या अश्रूंसारखेच आहेत: सुंदर आणि असहाय. तो नुसताच विकाररहित देव असेल तर ते अश्रू नाटक ठरतात. डोळे माणसाचे, रडणारा देव. यातलं एक टोक सोडलं की माझ्या आईच्या मरणापाशी माझ्याकडे काही उरत नाही.

महायान या बौद्ध पंथाची वाट पाहिली की मात्र मी आखलेली ही रेघ इतकी सरळ राहत नाही, हे सांगितलंच पाहिजे. करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर जगाचा आक्रोश ऐकतो, आणि तिबेटी परंपरेत अशी कथा आहे की जीवांचं दुःख पाहून त्याच्या डोळ्यांतून जे अश्रू गळले त्यातून तारा ही देवी प्रकटली. म्हणजे तिथं बोधिसत्त्व रडतो, आणि त्याच्या अश्रूंतून तारणारी जन्मते. जपानमध्ये शिनरान यांनी (1173–1263) शिकवलं की स्वतःच्या बळावर कुणी मुक्त होत नाही. सगळ्यांना तारण्याच्या अमिताभ बुद्धाच्या प्रतिज्ञेवर श्रद्धा ठेवणं एवढंच आपल्या हाती, आणि तीही त्याचीच देणगी. हे वाचताना, तारण केवळ श्रद्धेनं असं सांगणारा धर्मसुधारक लूथर आठवतो. विसाव्या शतकातले मोठे प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांना हे साम्य इतकं महत्त्वाचं वाटलं की त्यांनी आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर दखल घेतली. ख्रिस्ती धर्म खरा ठरतो तो कृपेच्या कल्पनेमुळं नव्हे, येशू ख्रिस्त या नावामुळं, असं त्यांचं उत्तर. मला ते उत्तर पटतं, पण ते उच्चारताना आवाज चढवावासा वाटत नाही. माणसाच्या मनाला सगळीकडे रडणाऱ्या तारणाऱ्याची तहान लागली, याचा मला आनंद होतो. माझी साक्ष एवढीच की ते अश्रू रोमन सुभेदार पंत पिलाताच्या काळात, पत्ता सांगता येईल अशा एका गावात, एका माणसाच्या गालांवरून ओघळले.

मैत्रिणीकडून मी काही गोष्टी घेतल्या आहेत आणि त्या माझ्या प्रार्थनेत आता मुरल्या आहेत. मरणाचं रोज स्मरण करणं. मनात उठलेल्या दुःखाला लगेच नाव देऊन देवाकडे ढकलण्याआधी ते काय आहे हे स्थिर बसून पाहणं. मैत्रीभावनेवरच्या मेत्त सुत्तात आई जशी एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपते तसं मन सगळ्या प्राण्यांविषयी ठेवावं, असं आहे; शत्रूंसाठी प्रार्थना करा या आज्ञेपाशी मी अडखळते तेव्हा त्या ओळी मला पुढं नेतात. बापावर किंवा आईवर माझ्यापेक्षा अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही, हे येशूचं कठोर वचनही मला विशाखेच्या गोष्टीनंतरच नीट कळलं. आसक्ती सोडायला तोही सांगतो.

एकदा तिनं मला जे विचारलं त्याला टाळून हा लेख संपवता येणार नाही. ती म्हणाली, “तुझा देव रडतो, हे मला आवडतं. पण रडू येतंय तर मग त्यानं ते आधीच थांबवलं का नाही? आमच्याकडे निदान हा प्रश्न तरी येत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, वाट आहे, चाल.” तिचं म्हणणं खरं आहे. निर्माता मानला की हा प्रश्न मानगुटीवर बसतो. बौद्धांपुढं तो उभाच राहत नाही.

मी तिला योहानाचा तोच अध्याय पुढं वाचून दाखवला, कारण ‘येशू रडला’ याच्यानंतर दोनच वचनांनी तिचा प्रश्न तिथं आलेला आहे. जमलेल्यांपैकी काही जण म्हणतात, पाहा, याचं त्याच्यावर किती प्रेम होतं! आणि काही म्हणतात, ज्यानं आंधळ्याचे डोळे उघडले, त्याला हा मरू नये असं करता आलं नसतं काय? शुभवर्तमानकारानं हा प्रश्न पुसला नाही. येशूनं त्याला शब्दांत उत्तरही दिलं नाही. तो कबरेकडे गेला, धोंड काढायला सांगितली आणि लाजरसला हाक मारली.

लाजरस पुढं कधीतरी पुन्हा मेलाच असणार. म्हणून त्या चमत्काराला मी उत्तर मानत नाही. मला उत्तर दिसतं ते त्याच अध्यायाच्या शेवटी, जिथं आम्ही सहसा वाचन थांबवतो. लाजरस उठल्याची बातमी यरुशलेमात पोहोचते, सभा भरते, प्रमुख याजक कयफा म्हणतो की सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसानं मरावं हे बरं. आणि त्या दिवसापासून ते येशूला जिवे मारायच्या मागे लागतात. बेथानीला जाऊ नका, तिकडे लोक तुम्हाला दगडमार करायला पाहत होते, असं शिष्यांनी निघण्याआधीच बजावलं होतं. तरी तो गेला. लाजरसला बाहेर काढण्याची किंमत त्यानं स्वतःच्या मरणानं दिली.

मैत्रिणीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढचा अध्याय स्वतःच वाचायला लागली. त्यात मुख्य याजक लाजरसलाही मारायचं ठरवतात. “म्हणजे त्याला वाचवून त्याच्यामागे आणखी एक मरण लावून दिलं?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर आमचं बोलणं अजून चालूच आहे.